चावी कुणाकडे, यादी कुणाची?

(बाळापूर येथे तालुक्यातील महिला गट आणि समुपदेशन केंद्रांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात झालेले भाषण, थोडे संपादित करून.)

पत्रिकेत 'संगणकाची सुरक्षितता' असा विषय वाचून तुमच्यापैकी काही जणींना वाटले असेल की हे आपले काम नव्हे. संगणक बघायला ऑफिसात एखादा पोरगा असतो, नाहीतर दुकानवाला येतो. नेमके म्हणूनच हा विषय आज घेतला आहे. ज्या वस्तूत आपण बायांचे आयुष्य ठेवतो, ती वस्तू दुसरा कुणी बघतो हे आपण इतक्या सहज कसे मान्य केले?

पूर्वी आपल्या केसचे कागद लोखंडी कपाटात असत. त्या कपाटाची चावी कुणाकडे राहील यावर आपल्या संघटनांमध्ये तासन्‌तास चर्चा झालेल्या आहेत. चावी अध्यक्षांच्या घरी नको, कारण घरात पुरुष मंडळी असतात. शिपायाकडे नको. दोन कार्यकर्त्यांकडे एकेक असावी. हे आपण विचारपूर्वक ठरवले. आता तेच कागद संगणकात गेले. बाईचा अर्ज, तिच्या अंगावरच्या वळांचे फोटो, कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली भरलेला घटनेचा अहवाल, ज्याला आपण डीआयआर म्हणतो, तिच्या मुलांच्या शाळेचे नाव, ती सध्या कुठे राहते त्याचा पत्ता. कपाट बदलले, पण चावीची चर्चा मात्र झाली नाही.

यात काय पणाला लागले आहे ते तुम्हाला सांगायला नको. २००५ च्या कायद्याचे २००६ साली जे नियम झाले, त्यांत असे म्हटले आहे की बाईची इच्छा असेल तर निवारागृहाने तिची ओळख उघड करू नये आणि तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे त्याला ती कळवू नये. बलात्कारित स्त्रीची ओळख छापणे, प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड विधानात कलम २२८ अ होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ७२ आहे. कायदा आपल्याला गुप्तता पाळा म्हणतो. पण ज्या यंत्रात ती गुप्त गोष्ट आहे, त्यात गेल्या सहा महिन्यांत कोणकोणते प्रोग्राम चालले, हे आपल्यापैकी किती जणी सांगू शकतील?

तर आज एकच गोष्ट नीट समजून घेऊ. संगणकावर आपण मंजूर केलेलेच प्रोग्राम चालतील, बाकी काही चालणार नाही, अशी व्यवस्था करता येते. ती काय असते, कुठे वापरतात, तिने काय होते आणि काय होत नाही, एवढेच बोलू.

दरवाजावरचे दोन पहारेकरी

आपला बाळापूरचा किल्ला तुम्ही रोज पाहता. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरचा. कल्पना करा, त्याच्या दरवाजावर एक पहारेकरी आहे आणि त्याच्या हातात चोरांच्या नावांची यादी आहे. यादीतला माणूस आला की तो अडवतो. बाकी सगळे आत. आपल्या संगणकातले अँटीव्हायरस मुख्यतः असेच काम करते. ओळखीच्या चोरांची यादी बाळगते, आणि संशयास्पद चालीरीतीवरही थोडे लक्ष ठेवते. अडचण अशी की चोर रोज नवे नाव घेऊन येतात. जर्मनीतली एव्ही-टेस्ट ही संस्था दिवसाला साडेचार लाखांवर नवे घातक किंवा नको असलेले प्रोग्राम नोंदवते. एवढी यादी रोज कोण पाठ करणार? आणि यादीत नाव येण्याआधी जो चोर आला, तो आत गेलेलाच असतो.

दुसरा पहारेकरी उलट्या रीतीने काम करतो. त्याच्याकडे आतल्या माणसांची यादी असते. या बारा जणांना आत सोडायचे. तेरावा कितीही सभ्य दिसला तरी बाहेर. तो चोर आहे की साव, हे पहारेकऱ्याला ओळखावेच लागत नाही. आपल्या केंद्राच्या संगणकावर काम करायला प्रोग्राम लागतात किती? लिहिण्याचा, हिशेबाचा, इंटरनेट बघण्याचा, पीडीएफ उघडण्याचा, प्रिंटरचा, मराठी टायपिंगचा. पंधरा-वीसच्या वर जात नाहीत. जगातल्या लाखो चोरांची यादी ठेवण्यापेक्षा घरातल्या वीस माणसांची यादी ठेवणे सोपे. या पद्धतीला संगणकवाले बरीच वर्षे 'व्हाइटलिस्टिंग' म्हणत. पांढरे ते चांगले आणि काळे ते वाईट ही भाषा नको, म्हणून आता पुष्कळ जण 'अलाऊलिस्टिंग' म्हणतात. आपण 'मंजूर यादी' म्हणू.

एटीएमपासून शिकू

ही पद्धत आपल्या रोजच्या रस्त्यावर आहे. एटीएमचे यंत्र म्हणजे आतून एक संगणकच. देशातली पुष्कळशी एटीएम बरीच वर्षे विंडोज एक्सपीवर चालत होती, आणि त्या एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ लाच बंद केली होती. शेवटी २१ जून २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना परिपत्रक काढून मुदती घालून दिल्या. यंत्राचे यूएसबी बंद करा, आपोआप चालू होणारे प्रोग्राम बंद करा, हे ऑगस्ट २०१८ पर्यंत. मंजूर यादीची व्यवस्था बसवा, हे मार्च २०१९ पर्यंत. जुनी प्रणाली टप्प्याटप्प्याने बदला, ती जून २०१९ पर्यंत पूर्ण. एटीएमने फक्त पैसे मोजायचे काम करावे, त्यात कुणी पेनड्राइव्ह घालून वेगळा प्रोग्राम चालवू पाहिला तर तो चालूच नये, हा त्यामागचा विचार.

या परिपत्रकाला दोन महिनेही झाले नव्हते, तोवर पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर हल्ला झाला. ११ ऑगस्ट २०१८ च्या शनिवारी चोरांनी बँकेच्या एटीएम व्यवहारांच्या यंत्रणेत एक बनावट मध्यस्थ बसवला. कुणी कुठेही खोटे कार्ड घालून पैसे मागितले की खऱ्या यंत्रणेला न विचारता तो मध्यस्थच 'मंजूर' असे उत्तर देई. २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. १३ ऑगस्टला आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण नुकसान ९४ कोटींच्या वर. पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरवले, ते मुख्यतः पैसे काढण्याच्या कामात असलेले लोक. मंजूर यादी असती तर हा हल्ला टळलाच असता, असे मी म्हणणार नाही. एवढा मोठा हल्ला एका उपायाने टळत नाही. पण त्यातला मुद्दा आपल्या कामाचा आहे. बँकेने ज्याला कधी परवानगी दिली नव्हती, तो बँकेच्या नावाने परवानग्या वाटत बसला होता.

आपल्याकडे कोटी रुपये नाहीत, आपल्याला कोण लुटणार, असे म्हणू नका. २०२० च्या जूनमध्ये अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल आणि कॅनडातल्या सिटिझन लॅबने दाखवून दिले की २०१९ मध्ये आपल्या देशातल्या नऊ मानवी हक्क कार्यकर्त्यांना, वकील आणि प्राध्यापकांना फसव्या ईमेल पाठवल्या गेल्या. उघडायला कागद, पण आतून 'नेटवायर' नावाचा हेरगिरीचा प्रोग्राम. पुढे २०२१ मध्ये भीमा कोरेगाव खटल्यातल्या आरोपींच्या संगणकांबाबत अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगचे अहवाल आले. त्यांत नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांचाही संगणक होता. याच प्रकारच्या प्रोग्रामाने संगणकाचा ताबा घेऊन त्यात कागद घातले गेले, असे ते अहवाल म्हणतात. तपास यंत्रणेने ते मान्य केले नाहीत. खरे-खोटे ठरवणे न्यायालयाचे काम. आपण एवढे लक्षात ठेवू की मालकाला न विचारता चाललेला प्रोग्राम फक्त चोरून नेत नाही, तो काही आणूनही ठेवू शकतो.

आपल्या केंद्रात हे कसे करायचे?

संगणक एखाद्या प्रोग्रामाला तीन खुणांवरून ओळखतो. पहिली खूण जागेची, म्हणजे तो कोणत्या फोल्डरात आहे. दुसरी, तो कोणी बनवला त्याच्या सहीची, म्हणजे कंपनीचे डिजिटल प्रमाणपत्र. तिसरी त्याच्या अंगठ्याची. फाइलीवरून गणित करून एक लांबलचक आकडा निघतो, आणि फाइलीत एका अक्षराचा फरक पडला तरी तो आकडा बदलतो. अंगठ्याची खूण सगळ्यात पक्की, पण प्रोग्राम अद्ययावत झाला की दर वेळी नवा अंगठा घ्यावा लागतो. जागेची खूण सगळ्यात सोपी, पण त्या जागेत कुणालाही वस्तू ठेवता येत असेल तर ती कुचकामी.

विंडोजमध्ये यासाठी अ‍ॅपलॉकर नावाची सोय २००९ पासून, म्हणजे विंडोज ७ पासून आहे. तिचे सुरुवातीचे साधे नियम असे: विंडोजच्या आणि प्रोग्राम फाइल्सच्या फोल्डरातले सगळे चालेल, बाकी कुठलेही चालणार नाही. आणि त्या दोन फोल्डरांत साध्या वापरणाऱ्याला सहसा काही ठेवता येत नाही. मग झेरॉक्सच्या दुकानातून आलेल्या पेनड्राइव्हवरचा प्रोग्राम, ईमेलमधून डाऊनलोड झालेला प्रोग्राम दारातच थांबतो. घरगुती म्हणजे होम आवृत्तीत हे नियम बसवायचा पडदा मिळत नाही. अशा ठिकाणी निदान दोन गोष्टी करा. रोजच्या कामासाठी साधे खाते ठेवा, ॲडमिनिस्ट्रेटरचे नको. आणि सेटिंगमध्ये जाऊन फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधूनच प्रोग्राम घेण्याची अट लावा. ही अट मंजूर यादीइतकी पक्की नाही, पण नसण्यापेक्षा बरी.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी संगणकावर आज काय काय आहे ते वहीत लिहून काढा. प्रत्येकापुढे लिहा, हा कशाला लागतो, कोण वापरते. ज्याचे उत्तर कुणालाच देता येत नाही, तो काढून टाका. दुकानवाल्याने 'क्रॅक' करून फुकट टाकलेले प्रोग्राम काढा. कुलूप तोडून आणलेल्या वस्तूबरोबर आणखी काय आले, हे तोही सांगू शकत नाही. मराठी टायपिंगसाठी कुठूनतरी फॉन्टची फाइल आणायची जुनी सवय सोडा. विंडोज १० मध्ये मे २०१९ पासून मराठीचा उच्चाराप्रमाणे टाइप करायचा कळफलक आतच मिळतो. विंडोज १० ची देखभाल मात्र ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली, तेव्हा त्याच्या पुढची तयारी करा. अ‍ॅपलॉकरचे नियम लगेच सक्तीचे करू नका. पहिले दोन-तीन आठवडे फक्त नोंद घेऊ द्या. कोणता प्रोग्राम अडला असता तेवढे तो सांगतो, अडवत नाही. ते बघून यादी दुरुस्त करा आणि मग सक्ती करा. नाहीतर पहिल्याच दिवशी प्रिंटर बंद पडेल, कोर्टाची तारीख उद्याची असेल, आणि वैतागून सगळी व्यवस्था काढून टाकाल. अनेक ठिकाणी असेच होते.

यादी कोण ठरवणार?

इथे एका मैत्रिणीचा प्रश्न सांगते. एका बैठकीत हे सगळे ऐकून ती म्हणाली, "काहून वो ताई, आतापरेंत घरच्यायनं इचारल्याबिगर आमाले बाहीर जाऊ देलं नाही. आता हे मशीनबी परवानगी मांगाले लावते का?"

तिचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटला. 'परवानगी' या शब्दाशी बायांचे नाते काही चांगले नाही. कुणाला भेटायचे, कुठे जायचे, काय घालायचे, याची मंजूर यादी आपल्या जन्माआधीच तयार असते आणि ती करताना आपल्याला कुणी विचारलेले नसते. वसतिगृहात मुलीला भेटायला येणाऱ्यांची यादी बाप देतो, मुलगी देत नाही. म्हणून यादी वाईट की चांगली, असा प्रश्न नसतो. ती कोण करते, कशासाठी करते, आणि जिच्यावर ती लागू आहे तिला ती बदलता येते का, हे विचारावे लागते.

संगणकालाही तेच लागू आहे. बहुतेक संस्थांत ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड दुरुस्तीला येणाऱ्या पोराकडे असतो. तो चांगला असेलही. पण त्याच्या दुकानात आणखी तीन पोरे आहेत, आणि तो याच गावातला आहे. ज्या नवऱ्याविरुद्ध आपली केस आहे, तोही याच गावातला आहे. पासवर्ड म्हणजे कपाटाची चावीच. तो संस्थेतल्या दोन जबाबदार बायांनाच माहीत असावा, आणि बंद पाकिटात सही करून कपाटात असावा. दुरुस्तीवाला आला तर त्याच्या शेजारी आपल्यापैकी एकीने बसावे, आणि तो गेल्यावर पासवर्ड बदलावा. नवा प्रोग्राम हवा असेल तर जिला हवा तिने वहीत लिहावे: नाव, कारण, तारीख. दोघींनी बघून होय किंवा नाही म्हणावे, आणि नाही म्हटले तर कारण लिहावे. दर तीन महिन्यांनी बैठकीत ती वही उघडावी. अशी यादी आपण सगळ्यांनी मिळून केलेली असते. तिच्यात यंत्र बांधलेले असते, बाई बांधलेली नसते.

या उपायाच्या मर्यादा

मंजूर यादी म्हणजे तावीज नव्हे. २७ जून २०१७ रोजी मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातले एक टर्मिनल ठप्प झाले. ते चालवणाऱ्या मर्स्क समूहाचे जगभरचे संगणक 'नॉटपेट्या' नावाच्या प्रोग्रामाने बंद पाडले होते. तो घुसला कसा? युक्रेनमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या हिशेबाच्या एका प्रोग्रामाच्या अद्ययावत आवृत्तीतून. म्हणजे ज्याचे नाव विश्वासाच्या यादीत होते, त्याच्याच पिशवीतून विष आले. माहेरचा म्हणून ज्याला आत घेतले तोच घात करतो, तसे.

शिवाय मंजूर प्रोग्रामचाही गैरवापर होतो. वर्ड मंजूर आहे, पण वर्डच्या फाइलीत लपवलेले मॅक्रो चालू द्या म्हणून कुणी विनवले तर 'होय' दाबू नका. विंडोजच्या आत असलेली पॉवरशेलसारखी हत्यारे चोरही वापरतात. आणि फोनवर गोड बोलून कुणी ओटीपी काढून घेतला, तर कोणतीही यादी उपयोगी पडत नाही. म्हणून कागदांची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी कुलपात ठेवणे, प्रणाली अद्ययावत ठेवणे, अँटीव्हायरस चालू ठेवणे हे सगळे सोबत हवेच.

आणि आपल्या हातातला फोन

आपल्यातल्या बहुतेक जणींचा खरा संगणक म्हणजे फोन. अँड्रॉइड फोनमध्ये मंजूर यादीच्या जवळची सोय आधीपासून आहे: प्ले स्टोअरबाहेरचे अ‍ॅप मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय बसत नाही. चोर तीच परवानगी मागतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका आली. ती पत्रिका नव्हती, एपीके फाइल होती. उघडली आणि सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ म्हणून येते. ती 'इन्स्टॉल करा' म्हणाली की समजा, ते लग्न आपल्या घरचे नाही. सेटिंगमध्ये 'अनोळखी अ‍ॅप इन्स्टॉल करणे' उघडून बघा, व्हॉट्सअ‍ॅप, ब्राउझर, फाइल मॅनेजर, सगळ्यांपुढे परवानगी बंद असली पाहिजे. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा.

पण आपल्याकडे येणाऱ्या बाईच्या बाबतीत चोर बाहेरून येतोच असे नाही. नवरा तिचा फोन हातात घेऊन पाच मिनिटांत पाळतीचे अ‍ॅप बसवतो. मग ती कुठे गेली, कुणाशी बोलली, आपल्या केंद्रात कधी आली, सगळे त्याला दिसते. बाईच्या ईमेलवर, इंटरनेटवरच्या संपर्कावर पाळत ठेवणे हा 'स्टॉकिंग'चा गुन्हा आहे. २०१३ साली दंड विधानात कलम ३५४ ड म्हणून तो आला, आता न्याय संहितेचे कलम ७८. नवरा म्हणून त्याला यात वेगळी सूट लिहिलेली नाही.

इथे मात्र कार्यकर्त्यांनी घाई करू नये. अ‍ॅप सापडले की लगेच काढून टाकावेसे वाटते. काढले की त्याला कळते, आणि त्या रात्री ती त्याच घरात असते. शिवाय पुरावाही जातो. आधी ती कुठे सुरक्षित राहील ते ठरवा. दुसऱ्या, सुरक्षित फोनवरून पडद्याचे फोटो घ्या, तारीख लिहा, वकिलाशी बोला. तोपर्यंत महत्त्वाचे बोलणे त्या फोनवर करू नका, आणि तो फोन जवळ ठेवूनही करू नका. काय करायचे ते ती ठरवेल, आपण तिला परिणाम समजावून सांगू. आपण यंत्र ओळखतो म्हणून तिच्या वतीने निर्णय घेतला, तर आपणही तिच्यासाठी एक नवी मंजूर यादीच केली असे होईल.

मैत्रिणींनो, गृहपाठ देऊन थांबते. पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येक केंद्राने तीन गोष्टी लिहून आणाव्यात. आपल्या संगणकावर आज किती प्रोग्राम आहेत? त्यांतले किती आपण स्वतः मंजूर केले? आणि ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड नेमका कोणाकोणाला माहीत आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लिहिताना एकही नाव वगळू नका. त्या उत्तरापासूनच आपण कामाला लागू.